ढगळ स्वेटरवर पट्टे नकोत? लोकरीचे दोन गुंडे घेऊन विणा

मेंढ्यांच्या छोट्या कळपाच्या, न रंगवलेल्या लोकरीच्या लड्या एकसारख्या नसतात. एक दुधी, दुसरी किंचित पिवळट, तिसरी जराशी जाड. हातात फरक कळत नाही, पण ढगळ स्वेटरच्या रुंद पाठीवर नवा गुंडा जोडला की तिथेच आडवा पट्टा उमटतो. मी एकदा अख्खी पाठ उसवली आहे.

१. सगळ्या लड्या दिवसा खिडकीपाशी मांडा, ट्यूबलाइटखाली नको. अगदीच वेगळी दिसणारी लडी गळ्याच्या आणि मनगटाच्या पट्टीसाठी बाजूला काढा.

२. दोन गुंडे एकदम सुरू करा. दोन ओळी एकाच्या, पुढच्या दोन दुसऱ्याच्या. धागा नेहमी एकाच कडेला बदला, म्हणजे तोडावा लागत नाही. नुसता कडेने वर चढतो. ही कड शिलाईत जाते, बाहेरून दिसत नाही.

३. दोन्ही गुंडे एकाच वेळी संपू देऊ नका. एक संपला की फक्त त्याच्या जागी नवा घ्या.

गुंडे एकमेकांत अडकतात, म्हणून मी एक डाव्या बाजूला डब्यात ठेवते, दुसरा उजवीकडे पिशवीत.

फक्त कडेने वर नेताना धागा सैल ठेवा. ओढलात तर ती बाजू आखडते आणि धुतल्यावरही सुटत नाही.