सामूहिक वनहक्काचा दावा: शिवफेरीपासून वाहतूक परवान्यापर्यंत

सामूहिक वनहक्काचे दावे, म्हणजे गावाने मिळून जंगलावर सांगितलेले हक्क, अडकतात प्रांत कार्यालयात, पण बिघडलेले असतात गावातच. इतिवृत्त अपुरं असतं, गणसंख्येची (सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची) नोंद नसते किंवा शिव (गावाच्या वापरातल्या जंगलाची हद्द) नीट लिहिलेली नसते. अर्जाचा नमुना भरणं एका संध्याकाळचं काम आहे. त्याआधीचं काम मात्र महिन्या-दोन महिन्यांचं धरावं.

सुरुवातीला वनहक्क कायद्याची आणि नियमांची एक प्रत हाताशी ठेवा. कायदा २००६ चा, नियम २००८ चे, पण २०१२ मध्ये नियमांत मोठी दुरुस्ती झाली. जुनी प्रत घेऊन गेलात तर गणसंख्येपासूनच वाद सुरू होतो. पूर्वी दोन तृतीयांश हजेरी लागायची, आता निम्मी लागते.

ग्रामसभा कोणाची, हे आधी ठरवा. अनुसूचित क्षेत्रात पाडा किंवा टोला, बाहेर महसुली गाव. चार गावांच्या गटग्रामपंचायतीची एकत्र सभा या कामाला चालत नाही. पहिली सभा ग्रामपंचायत बोलावते. तीत वनहक्क समिती निवडायची: १० ते १५ सदस्य, त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. गावात वनखात्याच्या योजनेतली जुनी संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिलाच नवं नाव देऊन मोकळं होऊ नका. तिची निवड या कायद्याखाली झालेली नसते, आणि पुढे हेच कारण दाखवून फाईल परत येते. समितीने आपल्यातून अध्यक्ष आणि सचिव ठरवून प्रांताच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागस्तरीय समितीला लेखी कळवावं आणि पोच घ्यावी.

गणसंख्येचा हिशेब गावातल्या सगळ्या प्रौढांवर करायचा, घरांवर नाही. गावात २४० प्रौढ असतील तर १२० जण हजर हवेत आणि १२० आले तर त्यांत किमान ४० महिला. दाव्यावर ठराव करायचा असेल त्या दिवशी दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी किमान निम्मे हजर लागतात. इतिवृत्ताच्या पहिल्याच ओळीत हे लिहा: एकूण प्रौढ इतके, हजर इतके, पैकी महिला इतक्या. मग सह्या-अंगठे. सह्यांचं पान वेगळ्या कागदावर घेऊन नंतर चिकटवू नका, त्याच रजिस्टरात घ्या. दुपारी सभा ठेवली की बाया मजुरीवर असतात आणि संख्या भरत नाही. संध्याकाळी जेवणाआधीची वेळ बरी पडते.

आता शिव. दावा किती जंगलावर करायचा, याचं उत्तर तलाठ्याच्या नकाशात सापडत नाही. कायदा म्हणतो पारंपरिक सीमा, म्हणजे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या जिथपर्यंत गुरं चारत, मोहफुलं वेचत, बांबू तोडत, मासे धरत आले तिथपर्यंत. त्यात राखीव वन येतं, संरक्षित वन येतं, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही येतं. गावाच्या महसुली हद्दीपुरताच दावा करा, असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. अर्धं जंगल तिथेच हातचं जातं.

शिवफेरीआधी वनखात्याला पत्र देऊन बीटचा (वनरक्षकाच्या हद्दीचा) नकाशा आणि कक्ष क्रमांक (जंगलाच्या तुकड्यांना खात्याने दिलेले क्रमांक) मागा. समितीने किंवा ग्रामसभेने लेखी मागितलेल्या नोंदींची प्रमाणित प्रत देणं संबंधित खात्यांवर बंधनकारक आहे. विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या जुन्या महसुली नोंदीही मागा, जुने निस्तार हक्क (सरपण, चराई अशा गावाच्या रोजच्या गरजांचे हक्क) तिथे लिहिलेले सापडतात.

फेरी शक्यतो पानगळीनंतर काढा, वाट आणि खुणा दिसतात. पुढे दोन म्हातारे, गुराखी आणि सरपणाला जाणाऱ्या दोन-तीन बाया हव्यातच. त्यांना माहीत असलेले जंगलाचे कोपरे समितीतल्या तरुणांना माहीत नसतात. प्रत्येक वळणावर थांबायचं आणि वहीत चार गोष्टी लिहायच्या: ठिकाणाचं गावातलं नाव, खूण (नाला, मोठा दगड, देवाचं झाड, टेकडीचा माथा), पलीकडे कोणतं गाव, आणि मोबाइलच्या जीपीएसचा बिंदू. दाट झाडीत जीपीएस २०-३० मीटरनेही चुकतो, म्हणून मोकळ्या जागी येऊन आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. सगळे बिंदू एकाच पद्धतीत लिहा. निम्मे दशांशात आणि निम्मे अंश-मिनिटांत असले की नकाशा करणारा हमखास गोंधळतो. फोन कधीही दगा देतो, त्यामुळे वहीतली नोंद हीच मूळ नोंद.

शेजारच्या गावांना शिवफेरीची तारीख आधी लेखी कळवा आणि त्यांची माणसं सोबत घ्या. शिव एकमेकांवर चढत असेल तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून तोडगा लिहून काढावा. एखादा तुकडा दोघंही वापरत असतील तर तसंच लिहा, कुणा एकाच्या नावावर ओढू नका. समित्यांत मिटलं नाही तर ग्रामसभा तो वाद उपविभागस्तरीय समितीकडे देऊ शकते, पण तिथे गेलेला वाद लवकर परत येत नाही.

पुरावे किमान दोन प्रकारचे जोडा. चार-पाच असले तर उत्तम. निस्ताराच्या नोंदी, गायरान, पाणवठे, कंदमुळं-औषधी वेचण्याच्या जागा, जुन्या बंधाऱ्याचे अवशेष, देवराई, दहन-दफनभूमी हे सगळं नियमांत पुरावा म्हणून धरलेलं आहे. प्रत्येक जागेचा फोटो, बिंदू आणि शिवेच्या नकाशावरचा क्रमांक जुळला पाहिजे. ज्येष्ठांचे जबाब घेताना ‘आम्ही जंगल वापरतो’ एवढं लिहून थांबू नका. कोण, कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी, काय आणायला जातं ते लिहा. उपग्रह छायाचित्र फक्त पूरक पुरावा आहे. ते नाही म्हणून दावा नाकारता येत नाही, तसंच अमुकच कागद आणा असा हट्ट कोणतीही समिती धरू शकत नाही.

पडताळणीची तारीख वनखाते आणि महसूल खाते दोघांनाही लेखी कळवा. अधिकारी आले तर त्यांनी नाव, पद, तारीख आणि काही शेरा असेल तर शेरा लिहून सही करायची असते. आले नाहीत तर ‘सूचना देऊनही गैरहजर’ अशी नोंद करून काम पूर्ण करा. नंतर त्यांनी गैरहजेरीचं निमित्त करून हरकत घेतली तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे येतो. तेव्हाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. सूचनेच्या पत्राची पोच सांभाळून ठेवायची ती याचसाठी.

मग अर्ज. वैयक्तिक हक्कांचा नमुना अ, सामूहिक हक्कांचा ब, सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे पारंपरिक सीमेतल्या सगळ्या जंगलाचा, क. गावं नमुना ब भरतात आणि क विसरतात. ब मुळे वापराचा हक्क मिळतो; जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि व्यवस्थापनाचा हक्क क मुळे. दोन्ही भरा. समितीचा अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव करा आणि संपूर्ण फाईल तीन प्रतींत बांधा. एक प्रत गावातच राहिली पाहिजे. पानांना क्रमांक घाला आणि पोचपावतीवर एकूण पानं लिहून घ्या, म्हणजे मधलं पान ‘गहाळ’ होत नाही.

उपविभागस्तरीय समितीचे अध्यक्ष प्रांत, जिल्हास्तरीय समितीचे जिल्हाधिकारी. दावा नाकारायचा किंवा क्षेत्र कमी करायचं तर कारणं लेखी द्यावी लागतात. तोंडी ‘होणार नाही’ म्हणजे निर्णय नव्हे. खालच्या निर्णयाविरुद्ध वरच्या समितीकडे ६० दिवसांत जाता येतं. गावाला वनसंसाधनाचा हक्क दिलेलाच नसेल, तर त्याची कारणं जिल्हा समितीच्या सचिवांनी नोंदवायची असतात. ती मागणारं एक पत्र बऱ्याचदा झोपलेली फाईल हलवतं.

अधिकारपत्र हातात आल्यावर हारतुऱ्यांआधी ते वाचा. हक्कधारक म्हणून ग्रामसभेचंच नाव आहे ना, एखाद्या समितीचं तर नाही? कक्ष क्रमांक आणि हेक्टर तुमच्या नकाशाशी जुळतात का? कायद्यात नसलेली अट घातली असेल तर लगेच ठराव करून जिल्हा समितीला कळवा.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर हक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचं (जंगलातला माल बाहेर नेण्याच्या परवान्याचं) पुस्तक हातात यायला एप्रिल २०११ उजाडला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते. त्यामुळे ही समिती नेमणं, ग्रामसभेचं बँक खातं आणि व्यवस्थापन आराखडा ही कामं अधिकारपत्राची वाट पाहत असतानाच सुरू करा.

पहिल्या हंगामात गाव पैशात फसतं ते बहुधा मोजणीत. तेंदूचा पुडा ७० पानांचा, प्रमाण गोणी १,००० पुड्यांची. ठेकेदाराचा मुनशी फळीवर (पानं गोळा करण्याच्या जागी) पुडे मोजतो तेव्हा गावाचा माणूस शेजारी स्वतंत्र वही घेऊन बसलेला हवा आणि रोज संध्याकाळी दोन्ही वह्यांवर दोघांच्या सह्या. खराब म्हणून बाजूला काढलेल्या पुड्यांचाही आकडा लिहा. करारात आगाऊ रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि मजुरी कोणी, कधी द्यायची हे स्पष्ट असावं. शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्याशिवाय शेवटच्या मालाचा परवाना फाडू नका.