काल्देरेता बिघडतो कुठे? या चुका टाळा

पहिल्यांदा काल्देरेता, म्हणजे फिलिपिन्सचा टोमॅटोतला मांसाचा रस्सा, केला तेव्हा माझ्या फिलिपिनो रूममेटने भातावर दोनदा रस्सा वाढून घेतला आणि म्हणाली, "छान झालंय. पण हे तुमचं मटण आहे, आमचा काल्देरेता नाही." दुबईतल्या त्या फ्लॅटमध्ये मी तिला 'आते' म्हणायचे. तागालोग या तिच्या भाषेत आते म्हणजे मोठी बहीण. फोनवर हे ऐकून आईला बरेच दिवस वाटत होतं, बाबांच्या नात्यातली कुणीतरी माझ्याकडे राहायला आलीय.

आतेचं बरोबर होतं. मी आलं-लसूण परतलं, गरम मसाला घातला, मांस, टोमॅटो, बटाटे सगळं एकदम कुकरात टाकलं आणि सहा शिट्ट्या काढल्या. काल्देरेत्यात काय काय पडतं हे कुठेही सापडतं. तो बिघडतो ते कधी काय टाकलं यावरून.

नाव स्पॅनिश, 'काल्देरा' म्हणजे हंडा, यावरून. स्पेनने फिलिपिन्सवर १५६५ ते १८९८ राज्य केलं, त्या काळाची ही खूण. तिथे हा गावच्या फिएस्ताचा (उत्सवाचा), वाढदिवसाचा पदार्थ. टोमॅटोचा रस्सा, बटाटा, गाजर, ढोबळी मिरची, हिरवे ऑलिव्ह आणि दाटपणाला कलेजी. कांदा-खोबऱ्याचं वाटण त्यात नाही, ते घातलंत की झालं आपलं कालवण.

मांस घेताना

"बिनचरबीचं, मऊ द्या" असं सांगणं ही पहिली चूक. तसं मांस दोन तास शिजलं की लाकडाच्या भुशासारखं लागतं. पायाची नळी, खांदा किंवा बरगडीचा भाग घ्या, पांढरे पडदे आणि शिरा असलेला. त्यातलं कोलॅजेन, म्हणजे त्या पडद्या-शिरांतलं चिवट प्रथिन, मंद आचेवर विरघळून जिलेटिन होतं. पाया सूप गार झालं की जेलीसारखं थरथरतं, ते हेच. तुकडे सुपारीएवढे नकोत, चांगले दीड-दोन इंची करून मागा.

महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाचं मांस मिळत नाही. म्हशीचं मिळतं, पण त्याला वेळ जास्त द्या. नाहीतर सरळ बोकडाचं हाडासकट मटण घ्या. ही तडजोड नव्हे. फिलिपिन्समध्ये 'काल्देरेतांग कांबिंग', म्हणजे बोकडाचा काल्देरेता, हा जुना आणि मानाचा प्रकार आहे.

मांस भाजायचं, वाफवायचं नाही

सोया सॉस, लसूण आणि थोडं व्हिनेगर लावून मांस तासभर ठेवतात. तिथून ते थेट तेलात टाकलं की पाणी सुटतं आणि तुकडे राखाडी होऊन स्वतःच्याच पाण्यात उकळत बसतात. आधी निथळा, कागदाने टिपून कोरडे करा. मॅरिनेड, म्हणजे ते निथळलेलं सोया-व्हिनेगर, फेकू नका, ते नंतर पातेल्यात जातं. किलोभर मांस असेल तर तीन घाण्यांत भाजा. तुकडा तव्याला चिकटला तर ओढू नका. खालून तांबूस झाला की आपोआप सुटतो. तळाला जो तपकिरी थर धरतो तो घासून टाकायचा नाही, त्यातच कांदा परतायचा. आणि मॅरिनेड ओतल्यावर उकळी फुटेपर्यंत ढवळायचं नाही, हा फिलिपिनो स्वयंपाकघरातला नियम. नाहीतर व्हिनेगर कच्चं लागतं, असं आते सांगायची.

गरम मसाला विसरा. तमालपत्रही जपून. त्यांचं 'लॉरेल'चं पान वेगळं, आपल्या तमालपत्राला दालचिनीचा वास असतो. एक पुरे. मी तीन घातली होती, आणि पातेल्यातून पुलावाचा वास येत होता.

टोमॅटोची पेस्ट तेलात रंग गडद होईपर्यंत परता, मग पाणी. केचप घालून भागवू नका. मी तर एकदा फिलिपिनो दुकानातून लाल बाटली आणली, ती निघाली केळ्याच्या केचपची! मारिया ओरोसा या फिलिपिनो अन्नतंत्रज्ञ बाईंची ही करामत म्हणतात. स्पॅगेटीवर बहारदार लागतं, इथे नुसतं गोड.

"तास झाला, तरी चामडंच"

मग अजून शिजवा. बरेच जण इथे घाबरून गॅस बंद करतात, जास्त शिजलं समजून. कोलॅजेन सुटेपर्यंत मांस कडकच लागतं. पातेल्यात दोन ते अडीच तास, झाकण ठेवून, मधूनच एखादा बुडबुडा येईल इतक्या आचेवर. खळखळून उकळलंत तर धागे आवळतात. कुकर चालेल: पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर ३५-४० मिनिटं, मटणाला त्याहून कमी. पण वाफ आपोआप जिरू द्या, शिट्टी उचलून सोडू नका.

बटाटे-गाजर मात्र कुकरात नकोत. बटाटे तळून बाजूला ठेवा, शेवटच्या वीस मिनिटांत घाला. टोमॅटोच्या आंबटपणात बटाटा लवकर शिजत नाही, म्हणून तळताना तो जवळजवळ शिजायला हवा. ढोबळी मिरची आणि ऑलिव्ह अगदी शेवटी, पाच मिनिटं.

कलेजी

तिकडे डब्यातली लिव्हर पेस्ट वापरतात. ती नसेल तर चिकनची १०० ग्रॅम कलेजी लसणावर परता, आतून गुलाबी राहता कामा नये, पण रबरही होऊ देऊ नका. पातेल्यातलाच वाटीभर रस्सा घालून मिक्सरमधून काढा आणि गाळा. हिरवट पित्ताचा ठिपका दिसला तर तो भाग कापून टाका, नाहीतर अख्खं पातेलं कडू. ही पेस्ट मांस पूर्ण शिजल्यावरच घालायची. सुरुवातीला घातली तर रस्सा रवाळ होतो आणि तळाला लागतो. लागलाच तर खरवडू नका, वरचं वर दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. गुठळ्या झाल्या असतील तर मांस आणि भाज्या झाऱ्याने काढून फक्त रस्सा मिक्सरमधून फिरवा.

मीठ? सोया सॉसमध्ये आहे, ऑलिव्हमध्ये आहे, डब्यातल्या पेस्टमध्ये आहे, वरून किसायच्या प्रोसेस्ड चीजमध्येही आहे. म्हणून सगळं पडल्यावर, चव बघून. खारट झालाच तर जास्तीचा बटाटा टाकून चमत्कार होत नाही. बिनमिठाचं पाणी आणि थोडा टोमॅटो वाढवा, चिमूटभर साखर घाला.

शेवटी वर केशरी तेल तरंगलं तर घाबरून काढून टाकू नका. आतेच्या मते तेल सुटल्याशिवाय काल्देरेता झालाच नाही. मी तिला म्हटलं, याला आमच्याकडे तर्री म्हणतात. तेव्हापासून ती पातेल्यात डोकावून विचारते, "तारी आली का?"