डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयातील इस्लामी हस्तलिखिते कशी पाहावीत

खाणउद्योगात श्रीमंत झालेल्या आल्फ्रेड चेस्टर बीटी यांचा हा संग्रह १९६८ साली त्यांच्या निधनानंतर सार्वजनिक विश्वस्त निधीकडे आला आणि २००० सालापासून तो डब्लिन किल्ल्याच्या आवारात आहे. प्रवेश विनामूल्य असल्याने एकाच फेरीत सारे पाहून घेण्याची घाई करू नये. मोजक्या पानांपुढे निवांत उभे राहणेच अधिक पदरात पाडते.

उजेडाने रंग व कागद खराब होतात, म्हणून दालनांत प्रकाश मंद असतो आणि पाने आलटूनपालटून मांडली जातात. एखादे ठरावीक हस्तलिखित पाहायचे असेल, तर ते सध्या मांडलेले आहे का, याची आधीच चौकशी करावी.

माहितीफलकाकडे वळण्यापूर्वी अक्षर पाहावे, आणि तेही उजवीकडून डावीकडे. चर्मपत्रावरील जुन्या कुफी लिपीत आडव्या रेषा लांबच लांब ताणलेल्या असतात, स्वरचिन्हे बहुधा लाल ठिपक्यांनी दाखवलेली असतात. त्यानंतर गोलसर वळणाच्या नस्ख लिपीकडे यावे. या संग्रहाचे भूषण म्हणजे विख्यात सुलेखनकार इब्न अल-बव्वाब यांनी हिजरी ३९१ मध्ये, म्हणजे इ.स. १०००-१००१ च्या सुमारास, बगदादमध्ये लिहिलेले कुराण. ते कागदावर आहे आणि आकाराने अनपेक्षितपणे लहान, जेमतेम १८ सेंटिमीटर उंचीचे आहे.

बोरूचे टोक तिरके कापलेले असते. ते कागदावर टेकवून फिरवले की शंकरपाळ्यासारखा ठिपका उमटतो. नंतरच्या सुलेखन-परंपरेत अक्षरांची उंची व वळणे अशाच ठिपक्यांच्या मापाने ठरवतात. अलिफ हे उभ्या रेषेचे अक्षर किती ठिपके उंच आहे, हे नजरेने मोजून पाहावे. अरबी वाचता येत नसले तरी लेखकाची शिस्त तेवढ्याने कळू लागते. आयतींमधील, म्हणजे कुराणातील वचनांमधील, सोनेरी खुणा आणि समासातील पदके ही नुसती सजावट नसून ती पठण करणाऱ्याला ठिकाण सापडावे यासाठी असतात, हेही ध्यानात ठेवावे.

मुघल चित्रसंग्रहांची पाने शेवटी पाहावीत. तेथे नस्तालीक लिपीतील फारसी ओळी अनेकदा तिरप्या मांडलेल्या आढळतात. चित्राच्या मोहात अक्षराकडे दुर्लक्ष होण्याचा धोका येथे सर्वाधिक असतो, प्रत्यक्षात मात्र मुघल दरबारात सुलेखनकाराचा मान चित्रकाराहून वरचा होता. हवे ते पान दालनात नसल्यास संग्रहालयाच्या संकेतस्थळावर अनेक हस्तलिखितांची छायाचित्रे मोठी करून पाहता येतात.