मोबाइलवर जुने व्हिडिओ गेम कसे खेळावेत: आधी गेम ठरवा, मग ॲप

जुने गेम मोबाइलवर खेळायचे म्हटले की बहुतेक जण थेट ॲप शोधायला लागतात. माझा सल्ला आहे की आधी गेम ठरवावा. हे गेम जॉयस्टिक आणि बटणांसाठी घडवलेले आहेत. त्यातले काही टचस्क्रीनवर छान रुळतात, काही अजिबात नाही.

१. स्क्रीनला मानवेल असा गेम निवडा

'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८), 'पॅक-मॅन' (१९८०), 'गॅलागा' आणि 'डाँकी काँग' (दोन्ही १९८१) यांच्या आर्केड यंत्रांत, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांत, स्क्रीन उभा बसवलेला असे. त्यामुळे फोन उभा धरला की चित्र वरच्या भागात नीट बसते आणि खाली अंगठ्यांना जागा उरते. 'पॅक-मॅन'ला तर चार दिशांपलीकडे काही लागतच नाही.

आळीपाळीने चाल करायचे गेमही सोपे जातात. 'फायनल फँटसी'चे पहिले सहा भाग 'पिक्सेल रिमास्टर' या नावाने मोबाइलवर अधिकृतपणे मिळतात आणि ते बोटाने आरामात खेळता येतात. माउसने खेळायचे साहसी गेम त्याहूनही सोयीचे, कारण तिथे क्लिकची जागा बोट घेते. 'सॉनिक' किंवा 'सुपर मारिओ ब्रदर्स'सारखे धावण्या-उडी मारण्याचे गेम मात्र कंट्रोलर, म्हणजे फोनला जोडायचे बटणांचे उपकरण, असेल तरच घ्या. काचेवर बोट नेमके कुठे आहे हे न पाहता कळत नाही आणि उडी हुकते.

२. गेम योग्य मार्गाने मिळवा

कंपनीने स्वतः काढलेला संग्रह हा सर्वांत सरळ रस्ता. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पाहा: इंटरनेटशिवाय चालतो का, कंट्रोलर जोडता येतो का, आणि शेवटचे अपडेट कधीचे आहे. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. २०१७ मध्ये आयफोनच्या आयओएस ११ या प्रणालीने जुन्या घडणीची ३२-बिट ॲप बंद केली, तेव्हा अपडेट न झालेले कितीतरी जुने गेम विकत घेतलेले असूनही नव्या आयफोनवर चालेनासे झाले.

दुसरा रस्ता एम्युलेटरचा, म्हणजे फोनला जुन्या यंत्रासारखे वागायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरचा. अँड्रॉइडवर ही सोय बऱ्याच वर्षांपासून आहे. ॲपलने एप्रिल २०२४ मध्ये नियम बदलल्यावर 'डेल्टा', 'रेट्रोआर्च' अशी ॲप ॲप स्टोअरवरही आली. पण एम्युलेटर मोफत मिळाला म्हणून त्यात चालणारी गेमची फाइल, म्हणजे रॉम, मोफत होत नाही. तिच्यावर कॉपीराइट असतो. 'एकात हजार गेम' म्हणून फिरणाऱ्या फाइल्सपासून लांबच राहा.

कायदेशीर खजिनाही मोठा आहे. 'बिनीथ अ स्टील स्काय' (१९९४) हा सुंदर साहसी गेम २००३ पासून मोफत आहे. तो जुने साहसी गेम चालवणाऱ्या 'स्कमव्हीएम'च्या संकेतस्थळावर मिळतो आणि त्याच नावाच्या ॲपमध्ये चालतो. पहिल्यांदाच खेळणाऱ्याला मी हाच सुचवीन. जुन्या यंत्रांसाठी आजही नवे गेम बनतात. निन्टेन्डोच्या जुन्या ८-बिट यंत्रासाठी २०१९ मध्ये आलेल्या 'मायक्रो मेजेस'ची रॉम त्याचे निर्माते स्वतः विकतात.

३. चित्राचा आकार सुधारा

गेम सुरू झाला की आधी सेटिंगमध्ये जाऊन चित्र पूर्ण स्क्रीनभर ताणण्याचा पर्याय बंद करा. जुन्या टीव्हीच्या रुंदी-उंचीचे प्रमाण ४:३ होते. ताणले की गोल चेंडू अंड्यासारखा दिसतो.

मग 'इंटिजर स्केल' चालू करून पाहा. यात प्रत्येक पिक्सेल पूर्ण पटीतच मोठा होतो. निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्राचे चित्र १६० बाय १४४ पिक्सेलचे. आडव्या धरलेल्या फोनची उंची १०८० पिक्सेल असेल तर सातपट केल्यावर १००८ होते, वर-खाली ३६ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या उरतात, आणि चित्र मात्र रेखीव दिसते.

टीव्हीवर खेळल्या जाणाऱ्या गेमसाठी जुन्या टीव्हीचा भास देणारा 'सीआरटी शेडर' जरूर लावून बघा. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरच्या पहिल्या 'सॉनिक'मधला धबधबा उभ्या पट्ट्यांनी काढलेला आहे. त्या काळच्या टीव्हीच्या साध्या जोडणीत त्या पट्ट्या एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक वाटे. आजच्या धारदार स्क्रीनवर नुसत्या पट्ट्याच दिसतात. चित्रकाराच्या मनातले पाणी पाहायचे तर थोडी धूसरता हवीच.

४. कंट्रोलर आणि आवाज

एक्सबॉक्सचा ब्लूटूथ कंट्रोलर किंवा प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर ड्युअलशॉक ४ अँड्रॉइडला आणि आयओएस १३ पासून पुढच्या आयफोनला जोडता येतो. ड्युअलशॉकवर 'शेअर' आणि 'पीएस' ही बटणे एकत्र दाबून धरा, दिवा लुकलुकू लागला की फोनच्या ब्लूटूथ यादीतून निवडा. इयरफोन मात्र वायरचा वापरा, नाहीतर फोनचाच स्पीकर. ब्लूटूथ इयरफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो. हे गेम सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवतात, त्यामुळे तेवढा उशीरही कानाला खटकतो.

५. खेळ जपून ठेवा

एम्युलेटरमध्ये 'सेव्ह स्टेट'ने कुठल्याही क्षणी खेळ गोठवता येतो. अवघड जागेआधी तो जरूर वापरा, पण त्याच्यावरच विसंबू नका: एम्युलेटरचे अपडेट आले की जुना सेव्ह स्टेट कधी कधी उघडत नाही. गेममध्येच सेव्ह करायची सोय असेल तर तीही वापरा. ती फाइल सहसा दुसऱ्या एम्युलेटरमध्येही चालते. फोन बदलण्याआधी सेव्हचे फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. ॲप काढून टाकले की बऱ्याचदा ते फोल्डरही त्याच्याबरोबर जाते.