मोठ्या एसयूव्हीच्या डिकीत झोपायचा विचार असेल तर गाडी बघायला जाताना टेप आणि चटई घेऊन जा

गाडी बघायला गेलो की पहिल्यांदा सांगतात डिकी किती लिटरची आहे. तो आकडा बॅगांसाठी ठीक आहे, झोपणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही, कारण आपल्याला लागते सरळ, सपाट आणि लांब जागा आणि ती लिटरमध्ये कळतच नाही. आम्ही गोव्यात डिचोलीत राहतो, सुट्टी मिळाली की सत्तरी, सांगे, काणकोण असं कुठेतरी गाडी घेऊन जातो आणि गाडीतच झोपतो, त्यामुळे गाडी कशी तपासायची ते आता बऱ्यापैकी समजलंय, ते लिहिते.

सुरुवात घरात करा. हॉलच्या लादीवर खडूने ६ फूट बाय साडेतीन फुटांचा चौकोन आखा आणि दोघांनी एक रात्र त्यात झोपून बघा. माझी उंची ५ फूट ३ इंच, नवऱ्याची ५ फूट १०, तरी सकाळी त्याचे पाय चौकोनाबाहेर होते, कारण माणूस झोपला की पावलं पुढे जातात, वर उशी सरकते, म्हणजे उंचीपेक्षा निदान चार इंच जास्त धरायचेच. मग भिंतीला टेकून मांडी घालून ताठ बसा, डोक्यापाशी पेन्सिलने खूण करा आणि जमिनीपासून मोजा. साधारण ८५ ते ९० सेंटीमीटर भरतं. हे दोन आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा, मग शोरूमला किंवा सेकंड हँड गाडीवाल्याकडे जा.

तिथे मागच्या दोन्ही रांगा पाडायला लावा, पुढच्या सीट पुढे ढकला आणि डिकीचं दार बंद करूनच लांबी मोजा. दार उघडं ठेवून मोजलं तर फसाल, कारण दार आतून जाड असतं आणि वरच्या बाजूला आत झुकलेलं असतं. रुंदी मात्र दोन ठिकाणी घ्या, एक दारांपाशी आणि दुसरी मागच्या चाकांवरच्या उंचवट्यांच्या मध्ये. खरी रुंदी दुसरीच. दोन मोठ्या माणसांना खांद्यापाशी ११० सेंटीमीटर तरी पाहिजे, त्याखाली असेल तर एकाने उलटं झोपायचं, डोकं एका बाजूला पाय दुसऱ्या बाजूला, रात्रभर चालून जातं.

आता तिसरी रांग कशी दुमडते हे नीट बघा, सगळा खेळ तिथेच आहे. फॉर्च्युनर आणि इनोव्हा क्रिस्टामध्ये ती दोन बाजूंना वर उचलून लावतात, म्हणजे लांबी मिळते पण दोन्हीकडून रुंदी जाते. सफारी आणि एक्सयूव्ही ७०० मध्ये ती खाली आडवी पडते, झोपायला हे बरं. मधल्या रांगेत बेंच सीट, म्हणजे एकच सलग सीट असेल तर उत्तम, कॅप्टन सीट, म्हणजे दोन सुट्या सीट असतील तर मध्ये गल्ली राहते आणि ती भरल्याशिवाय गादी बसत नाही. प्रवासाला कॅप्टन सीट छान वाटतात हे खरं, पण झोपायचंच असेल तर मी बेंचच घेईन.

सपाटपणा डोळ्यांनी कळत नाही, हे मी सत्तरीतल्या एका कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत शिकले. मावसभावाची गाडी नेली होती, सीट पाडल्या, दिवसा सगळं एकसारखं दिसत होतं, वर गोधडी घातली आणि झोपलो, आणि रात्री दोनला कंबरेखाली असा उंचवटा टोचायला लागला की उठून टॉर्च मारून बघितलं तर पाडलेली मधली सीट डिकीच्या तळापेक्षा चांगली तीन इंच वर होती. त्या रात्री मी उजाडेपर्यंत पुढच्या सीटवर बसून काढली. तेव्हापासून अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवून बघते, गाडी सपाट जागेवर उभी असताना बाटली कुठे घरंगळते आणि कुठे अडते ते कळतं. शिवाय तळहात दाबत डोक्याकडून पायाकडे न्या, कडक पट्टी, बिजागरी, सीट बेल्टची बक्कल सगळं हाताला लागतं. इंच दोन इंचाचा फरक घडी केलेल्या चादरीने निघतो, त्याच्यावर असेल तर सुताराकडून प्लायवुडची फळी बनवून घ्यावी लागेल. पुढची सीट आणि पाडलेली सीट यांच्यामधल्या खड्ड्यात कपड्यांची बॅग घट्ट बसवा, नाहीतर डोकं लोंबकळतं.

उंची मोजताना त्यात गादीची जाडी धरा, दोन-तीन इंचाचा कडक फोम पुरतो. सनरूफ असेल तर छत थोडं खाली येतं, तेही बघा. ताठ बसता आलं नाही तर कपडे बदलणं, पोराला दूध पाजणं सगळंच कठीण जातं आणि पावसात तर आतच बसून राहावं लागतं.

मग चटई घाला, चपला काढा आणि दार बंद करून दोघं पाच मिनिटं खरंच आडवे व्हा. लाजू नका, एवढे पैसे आपण घालतोय. कूस बदला. आतून बाहेर पडून बघा, कारण बऱ्याच गाड्यांची डिकी आतून उघडत नाही आणि मागच्या दारांना चाइल्ड लॉक लागलेलं असेल तर आपण अडकतो. सामान रात्री पुढच्या सीटवर जाणार ना, पण ड्रायव्हरची सीट मोकळीच ठेवा, कधी पटकन निघावं लागतं.

गोव्यात हवेचा प्रश्न मोठा. इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणूस जातो. काच इंचभर उघडी पाहिजे, म्हणून खिडकीवर व्हायझर, म्हणजे काचेच्या वरची प्लास्टिकची पट्टी, आहे का ते बघा, पाऊस आत येत नाही. अगदी मागच्या काचा बहुतेक उघडतच नाहीत, हवा मधल्या दारांनीच येणार. तिथे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मच्छरदाणीचं कापड आणून दाराच्या मापाने शिवून घ्या. मे महिन्यात किनाऱ्याजवळ झोपच येत नाही, चोर्ला घाटाच्या वर किंवा सांग्यातल्या नेत्रावळीकडे बरं वाटतं.

गाडी समुद्राच्या वाळूत नेऊ नका, कायद्याने बंदी आहे. गालजीबाग, आगोंद, मोरजी इथे कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री लाइट मारायचे नाहीत. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड होतो आणि अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय रात्री थांबायचं नाही. कुणाच्या तरी कुळागरात मालकाला विचारून थांबणं सगळ्यात चांगलं, पाणी मिळतं, संडासची सोय होते. फक्त गाडी माडाखाली किंवा फणसाखाली लावू नका, आणि जमीन थोडी उतरती असेल तर डोकं चढाच्या बाजूला ठेवा.