रॉक अल्बम ऐकल्यावर ऑनलाइन खरंखुरं मत कसं लिहायचं

रॉकबद्दल ऑनलाइन काय लिहिलं जातं ते बघा, एकतर "देव आहेत हे लोक" नाहीतर "कचरा", मधलं काहीच नाही, आणि ज्याला अल्बम ऐकायचा की नाही ते ठरवायचंय किंवा ज्या पोरांनी खिशातले पैसे घालून तो रेकॉर्ड केलाय त्यांना ह्यातलं काहीच कामाला येत नाही. मत कडक असायला माझी अजिबात हरकत नाही, पण तुम्ही नक्की काय ऐकलंत ते त्यात दिसलं पाहिजे. खाली देतोय ती पद्धत त्यासाठीच आहे. उदाहरणं बरीचशी मेटालिका ह्या अमेरिकन मेटल बँडची घेतलीत, कारण ह्या बँडवरून चाहत्यांची जेवढी भांडणं झालीत तेवढी क्वचितच कुणावरून झाली असतील आणि त्या भांडणांमधून कान कसा लावायचा हे फार छान शिकता येतं.

पायरी १: कशावर ऐकताय ते आधी बघा

"बासच नाहीये गाण्यात" असं लिहिण्याआधी हेडफोन लावा. बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झचा सूर निघतो, फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो जवळजवळ बाहेरच पडत नाही, आपल्याला ऐकू येतात ते त्याचे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराबरोबर निघणारे वरचे बारीक सूर. म्हणजे फोनवर ऐकून बासबद्दल बोलणं हे बँडपेक्षा फोनबद्दल बोलणं झालं.

आता मेटालिकाचा १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' घ्या. ह्यात बास ऐकूच येत नाही ही तक्रार इतकी जुनी आहे की न ऐकताच लोक ती पुढे ढकलतात. पण चांगल्या हेडफोनवरसुद्धा ती खरी निघते हो! १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात बँडचा बासवाला क्लिफ बर्टन गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, हा त्याचा बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम आणि त्यातच त्याचा बास गायब. मिक्स करणाऱ्यांनी, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवणाऱ्यांनी, नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय की बास खाली घ्यायला बँडकडूनच सांगितलं गेलं होतं. त्यात न्यूस्टेड बऱ्याच ठिकाणी रिदम गिटारच्याच (मागे ताल आणि कॉर्ड्स धरणाऱ्या गिटारच्या) बरोबरीने तेच सूर वाजवतो आणि गिटारच्या आवाजाने खालची जागाही व्यापलेली, त्यामुळे जो काही उरलाय तोही वेगळा उठत नाही. हे स्वतःच्या कानाने पडताळायचं असेल तर ह्यातलं कुठलंही एक वेगवान गाणं लावा, मग लगेच त्याच बँडचा १९९१ चा काळ्या कव्हरचा अल्बम लावा, दोन मिनिटांत फरक कळतो. असं पडताळून लिहिलं की "बास नाही" हे वाक्य उसनं राहत नाही, तुमचं होतं.

पायरी २: लगेच लिहू नका

एकदा ऐकून लिहिलंत तर तसं स्पष्ट सांगा, "पहिल्यांदा ऐकून लिहितोय" एवढं पुरे. पूर्ण रिव्ह्यू लिहायचा असेल तर दोन-तीनदा तरी ऐका, त्यातलं एकदा सलग, मध्ये काही स्किप न करता, आणि शक्यतो रात्र मध्ये जाऊ द्या.

पायरी ३: गाणं, वाजवणं आणि आवाज हे तिन्ही वेगळं करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून ह्यावर जरा जास्त बोलतो. "गाणं बेकार आहे" ह्यातून तीन वेगळ्या गोष्टी निघू शकतात: चाल आणि रचनाच फसलीय, किंवा चाल बरी आहे पण वाजवणारे ढिले पडलेत, किंवा दोन्ही ठीक आहे पण रेकॉर्डिंग, मिक्स नाहीतर मास्टरिंगने (मिक्सवरचा शेवटचा हात) वाट लावलीय. ऐकताना ह्या तिघांसाठी तीन ओळी वेगळ्या ठेवा आणि जे जिथलं आहे ते तिथेच लिहा.

मेटालिकाचाच २००३ चा 'सेंट अँगर' ह्यासाठी उत्तम आहे. स्नेअर ड्रमच्या खालच्या बाजूला तारांची एक पट्टी असते, ती चामड्याला टेकलेली असली की तो ओळखीचा 'छट्ट' आवाज येतो, सैल सोडली की ड्रम नुसता टणटण घुमत राहतो. बँडचा ड्रमवाला लार्स उलरिच ह्याने ह्या अल्बमवर ती सैलच ठेवली आणि तो घुमणारा आवाज अख्ख्या ७५ मिनिटांच्या अल्बमभर पसरलाय. लोक वैतागले आणि अल्बमच फालतू म्हणून मोकळे झाले. पण नीट बघितलं तर इथे तक्रारी किमान तीन आहेत: स्नेअरचा आवाज, जो आवाजाच्या खात्यातला, गाणी लांबवलेली, एकेक रिफ (गिटारची परत परत येणारी छोटी ओळ) गरजेपेक्षा जास्त वेळा येतो, ही रचनेतली, आणि गिटार सोलो एकही नाही, हा तर बँडने जाणूनबुजून घेतलेला निर्णय. मला विचाराल तर दुसरी तक्रार सगळ्यात भारी आहे, स्नेअर नीट केला असता तरी ती गाणी लांबच वाटली असती, पण तिच्याबद्दल त्या मानाने फारच कमी बोललं जातं कारण स्नेअर पटकन कानाला टोचतो. ह्याच अल्बमच्या शीर्षकगीताला पुढच्या वर्षी ग्रॅमीही मिळालं, तेव्हा पुरस्काराचा दाखला देऊन मत मांडणाऱ्यांनीही जरा सांभाळून.

आणि खापर कोणावर फोडताय तेही बघा. मेटालिकाच्याच २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'चा आवाज इतका दाबून मोठा केलेला होता की ड्रमच्या ठोक्याबरोबर चरचर ऐकू यायची, आणि 'गिटार हीरो' ह्या व्हिडिओ गेममध्ये आलेली त्याच गाण्यांची आवृत्ती बरीच मोकळी होती म्हणून चाहत्यांच्या ते पटकन लक्षात आलं. बऱ्याच जणांनी मास्टरिंगवाल्याला धरलं. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन ह्यांचं म्हणणं असं की मिक्स त्यांच्याकडे आले तेव्हाच ते आधीच पुरते दाबलेले होते. म्हणून ज्याची खात्री नाही तिथे माणसाचं नाव घेऊ नका, "आवाज दाबलेला आहे, अमुक मिनिटाला ठोका फाटतो" इथपर्यंतच थांबा, तेवढं तुम्ही ऐकलेलं आहे, पुढचं तुम्ही ऐकलेलं नाहीये.

एक छोटी गोष्ट, जुना आणि रीमास्टर केलेला अल्बम तुलनेला घेतला तर दोघांचा व्हॉल्यूम आधी सारखा करा. जो मोठ्याने वाजतो तोच आपल्या कानाला चांगला वाटतो, सगळ्यांच्याच.

पायरी ४: आपला कान कुठून आलाय ते ओळखा

मिसळ मागवून ती तिखट आहे म्हणून नाव ठेवण्यात अर्थ नाही, तसंच डेथ मेटल (मेटलचा घोगऱ्या ओरडण्याचा प्रकार) लावून "हा ओरडतोय का" विचारण्यातही नाही. तो ओरडा नीट घेतलाय का, ताल धरून आहे का, शब्दांवर दम संपतोय का, हे विचारा.

मराठी घरात वाढलेल्या अनेकांचा कान अभंग, नाट्यसंगीत, शास्त्रीय ह्यावर तयार झालेला असतो, आणि तो कान रॉक गायकाला फटकन "बेसूर" म्हणतो. ब्लूजमधून (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संगीतातून) आलेल्या गाण्यात गायक आणि गिटारवाला दोघेही कोमल गंधार आणि शुद्ध गंधार ह्यांच्या मधली जागा मुद्दाम पकडतात, तार ओढून सूर तिथे नेतात, ती चूक नसते, ती त्या संगीताची ओळखच आहे. मग खरंच बेसूर कधी म्हणायचं? तीच ओळ गाण्यात दुसऱ्यांदा येईल तेव्हा ऐका. दोन्ही वेळा सूर त्याच मधल्या जागी बसला तर तो गायकाला हवाय, एकदा इकडे आणि एकदा तिकडे घसरला तर बिनधास्त लिहा की सूर हातात नाहीये. ह्या कानाचा फायदाही आहे बरं का, लयीतली गडबड आणि श्रुतीतला फरक आपल्याला लवकर कळतो, तो वापरा.

आणि तो बाज मुळातच आवडत नसेल तर पहिल्याच ओळीत सांगून टाका.

पायरी ५: तुलना करा पण तुलनेत अडकू नका

१९६९ मध्ये लेड झेपलिन ह्या इंग्लिश रॉक बँडचा पहिला अल्बम आला तेव्हा 'रोलिंग स्टोन' ह्या अमेरिकन संगीत मासिकात समीक्षक जॉन मेंडेलसोनने त्याला झोडपला, म्हणणं असं की गिटारवाल्या जेफ बेकच्या ग्रुपने जे आधीच केलंय त्यापेक्षा हे लोक फार काही नवीन देत नाहीत. हे हवेतलं नव्हतं, 'यू शुक मी' हे विली डिक्सनचं गाणं खरोखर दोन्ही बँडच्या अल्बमवर आहे. म्हणजे निरीक्षण बरोबर, पण तिथेच थांबल्यामुळे झेपलिनच्या जॉन बॉनमच्या ड्रम्सना त्या रेकॉर्डिंगमध्ये मिळालेली ती मोठी मोकळी जागा, आणि हळू आवाजातून एकदम अंगावर येणारी गाण्यांची रचना, ह्यांना जेवढी किंमत द्यायला हवी होती तेवढी दिली गेली नाही.

पुढच्याच वर्षी ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम त्याच मासिकात समीक्षक लेस्टर बँग्जने क्रीम ह्या आधीच्या रॉक बँडची हलकी आवृत्ती म्हणून उडवून लावला. त्या अल्बमचं पहिलंच गाणं ऐका, बँडच्याच नावाचं: रिफमध्ये फक्त षड्ज, वरचा षड्ज आणि मग थेट तीव्र मध्यम, तोही संथ, लांबवून, आणि त्या तीव्र मध्यमावर बँडचा गिटारवाला टोनी आयोमी तार थरथरवत ठेवतो. क्रीमशी काही ठिकाणी साम्य असेलही, पण ह्या तीन सुरांत जी भीती आहे ती क्रीममध्ये कुठे होती? त्यातूनच पुढे अख्खं हेवी मेटल उभं राहिलं.

म्हणून माझा नियम असा, "हे अमक्यासारखं वाटतं" लिहिलं की लगेच पुढचं वाक्य "आणि अमक्यात नाही असं ह्यात हे आहे" असं लिहायचा प्रयत्न करायचा. काहीच सापडलं नाही तर तेही लिहा, मग नक्कल म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पायरी ६: आपल्याकडच्या बँडला सूट देऊ नका

हे मला मनापासून सांगायचंय. पुण्या-मुंबईचा किंवा गोव्याचा नवा बँड काही टाकतो आणि खाली सगळे "भारी भावा", "फायर", "अभिमान आहे" लिहून निघून जातात. प्रेम कळतं, पण गिटारवाल्याला पुढच्या रेकॉर्डिंगला काय बदलायचं ते कोण सांगणार? मुंबईतल्या रंगभवनसारख्या ठिकाणी इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा तेव्हा पब्लिक थंड पडलं की बँडला तिथल्या तिथे कळायचं, आता कळायची एकच जागा उरलीय आणि तिथे आपण सगळे गोड बोलतो.

समजा चौघांचा बँड आहे, गिटार एकच. तुम्हाला सोलोच्या वेळी काहीतरी खटकतंय. "सोलोत मजा नाही" लिहू नका, असं लिहा:

"२:१० ला सोलो सुरू होतो तिथे रिदम गिटार बंद होते आणि मागे फक्त बास आणि ड्रम्स राहतात, बासही साध्या सुरांवर असल्यामुळे गाणं अचानक पोकळ होतं. सोलो स्वतः चांगला आहे, विशेषतः शेवटची उतरती ओळ. बासवाल्याने तिथे जरा भरून वाजवलं किंवा रेकॉर्डिंगमध्ये एक रिदम ट्रॅक खाली ठेवला तर हाच सोलो उठून दिसेल. पहिल्या अंतऱ्यात गायक 'र' आणि 'ळ' फार गिळतोय, मला शब्द तिसऱ्यांदा कळले. हेडफोनवर ऐकलंय."

हे कडक आहे, पण ह्यातलं प्रत्येक वाक्य बँडला प्रॅक्टिस रूममध्ये नेता येतं. वेळ लिहिलीय, कारण लिहिलंय, जे आवडलं तेही तितकंच नेमकं लिहिलंय, नुसतं तोंडदेखलं "बाकी छान" नाही. उपाय सुचला नाही तर सोडून द्या, तो शोधणं त्यांचं काम आहे, पण अडचण कुठे आहे हे सेकंदासकट सांगणं आपलं.

गायकाचं दिसणं, इंग्रजी उच्चारांची टिंगल, बँडमधल्या मुलीबद्दलच्या कॉमेंट्स, "मराठीत का नाही गात", हे सगळं बाहेर ठेवा. भाषेबद्दल बोलायचंच तर गाण्यात बसलेल्या शब्दांबद्दल बोला, आघात तालावर पडतोय की शब्द ओढूनताणून कोंबलाय हे ऐकू येतं.

पायरी ७: टाकल्यानंतर

कुणी उलट बोललं तर ते म्हणतात ती जागा परत ऐका आणि मग उत्तर द्या. "तू वाजवून दाखव" ह्याला उत्तर द्यायची गरज नाही, ऐकणाऱ्याला मत असतंच.

आणि मत बदललं तर जुनं पुसू नका. वीझर ह्या अमेरिकन रॉक बँडचा 'पिंकर्टन' १९९६ मध्ये आला तेव्हा 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी त्याला त्या वर्षीच्या सगळ्यात वाईट अल्बम्समध्ये तिसरा नंबर दिला होता, आणि त्याच मासिकाने २००४ मध्ये त्याला पाच स्टार दिले. दोन्ही नोंदी आज शेजारी ठेवून वाचता येतात म्हणून तर कळतं की त्या अल्बमचा तो उघडावाघडा कच्चेपणा आधी लोकांना नकोसा झाला होता आणि नंतर त्याच्याचसाठी लोक तो ऐकू लागले. तुम्हीही जुन्या मताखाली नवी तारीख टाका, आता कशावर ऐकलं ते लिहा, आणि कुठल्या गाण्यामुळे, शक्य असेल तर कुठल्या मिनिटाला मत फिरलं तेही लिहा.