माउंटन बाइक घेताना आधी चालवा, मग पैसे मोजा

सोलापुरात डोंगर कुठला, मग माउंटन बाइक कशाला, असं घरचे विचारतातच. पण होटगी रोड सोडून शेताच्या गाडीवाटेला लागलात किंवा हिप्परगा तलावाकडच्या मातीत उतरलात, की जाड टायर कशाला लागतो ते लगेच समजतं.

आधी पैसे वाटून घ्या. 25,000 ठरवले असतील तर सायकलीवर 20–21 हजारच घाला. हेल्मेट, पंप, पंक्चरचं सामान, कुलूप, मागचा लाल दिवा हे सगळं उरलेल्यात बसवायचंय. ट्यूबमध्ये सीलंटही भरून घ्या. आपल्याकडे वेड्या बाभळीचा काटा टायर भेदून थेट ट्यूबपर्यंत जातो. सीलंट असलं की बारीक भोक आतूनच बुजतं.

मग यादी छाटा. या पैशात पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल घेऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. स्वस्तातला मागचा शॉकअप वजन वाढवतो आणि चढावर पायाचा जोर खातो. पुढे शॉकअप, मागे ताठ फ्रेम, एवढं भरपूर झालं. 21 गिअर की 24, यावर अडू नका.

उंची जुळवा. सायकल दोन पायांत घेऊन सपाट उभे राहा. वरच्या दांडीपासून दोन-तीन इंच मोकळे हवेत. मग सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल खाली न्या. पाय सरळ झाला की सीट बरोबर. माझ्या भाच्याला आम्ही ‘शेवटचा पीस, सूट देतो’ म्हणून एक साइज मोठी फ्रेम घेतली. हँडल लांब पडायचं, तासाभरात मान आखडायची. पोराने दोन महिन्यांत सायकल सोडली, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता खरी परीक्षा. उन्हाळ्यात गेलात तर दुकान उघडताच जा. दुपारच्या उन्हात कुणीही पाच मिनिटांत परततो, आणि निदान वीस मिनिटं तरी चालवायलाच हवी. दोन-तीन सायकली एकाच रस्त्यावर फिरवा, त्याही सारखी हवा भरून. टायर दगडासारखा टणक असेल तर चांगली सायकलही हादरे देते.

एखाद्या पुलाचा चढ गाठा. तिथे मागची सर्वांत मोठी चकती लावा: चेन न खडखडता चढली पाहिजे. उभं राहून पॅडल मारा, गुडघे हँडलला लागतात का बघा. उतारावर एकेक ब्रेक वेगळा दाबा. नवा डिस्क ब्रेक सुरुवातीला थोडा कमी पकडतो, त्याने घाबरू नका. पण लिव्हर हँडलला टेकत असेल तर ती सायकल तशी घेऊ नका. मग थांबून पुढचा ब्रेक धरा आणि सायकल पुढे-मागे ढकला. हँडलखाली टकटक जाणवली तर तिथली बेअरिंग सैल आहे, समोरच कसून घ्या.

कोजागिरीला अख्खं सोलापूर ज्या रस्त्याने पायी तुळजापूरला जातं, तो घाट चढायचा मनात असेल, तर सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे हे दोनदा तपासा.

पसंत पडली की महिनाभरानंतरची सर्व्हिसिंग फुकट मिळेल का विचारा. नव्या केबल तोवर सैल पडतात. फ्रेमचा नंबर बिलावर लिहून घ्या. बहुतेक सायकलींना तो पॅडलच्या आसाखाली कोरलेला असतो.